वाचकांचे प्रश्न : कोडमधील पाथ नेमका कोण उलगडतो?

प्रश्न : उद्यमबागेतील एका फाउंड्रीसाठी मी जावास्क्रिप्टमध्ये एक प्रणाली लिहिली आहे. कास्टिंगच्या प्रत्येक लॉटचे तपासणी प्रमाणपत्र ती तयार करते, कामगारांसाठीचे सूचनाफलक मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत छापते, आणि ग्राहकांना जाणारे प्रमाणपत्र इंग्रजीत काढते. काम वाढत गेले तसे फोल्डर हलवावे लागले आणि कोडमध्ये जागोजागी लिहिलेले '../../../सामाईक/संदेश' यासारखे पाथ (फाइलीपर्यंत पोहोचण्याचे मार्ग) तुटले. एका सहकाऱ्याच्या सल्ल्यावरून मी वेबपॅकमध्ये (कोडच्या फाइली एकत्र बांधणाऱ्या साधनामध्ये) एलियस, म्हणजे पाथांची टोपणनावे, ठरवून घेतले. त्यामुळे स्क्रीनचा भाग सुरळीत झाला; पण नोडवर (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीवर) थेट चालणारी छपाईची स्क्रिप्ट मात्र मॉड्यूल (मागवलेली कोडफाइल) सापडत नसल्याची तक्रार करते. वेबपॅक आतून वापरते ती 'एन्हान्स्ड-रिझॉल्व्ह' ही पाथ शोधणारी लायब्ररी मी या स्क्रिप्टमध्येही वापरावी काय?
— एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव

उत्तर : आपल्या अडचणीचे मूळ लायब्ररीच्या निवडीत नाही. एकाच कोडमधील पाथ तीन वेगवेगळ्या यंत्रणा आपापल्या नियमांनी उलगडत आहेत, हे ते मूळ आहे. एलियस आपण वेबपॅकच्या कॉन्फिगरेशनमध्ये लिहिले. नोड ती फाइल कधी उघडूनही पाहत नाही, कारण मॉड्यूल शोधण्याची त्याची स्वतःची पद्धत आहे. तिसरा आपला एडिटर, जो टीएसकॉन्फिग किंवा जेएसकॉन्फिग या सेटिंगच्या फाइलींमधील 'पाथ्स' वाचून सूचना दाखवतो. उद्या आपण टाइपस्क्रिप्टकडे (प्रकार तपासणाऱ्या जावास्क्रिप्टच्या विस्तारित रूपाकडे) वळलात, तर तिथेही हे लक्षात असू द्यावे की 'पाथ्स'मधील नावे कंपायलर केवळ तपासणीपुरती समजून घेतो. तयार झालेल्या जावास्क्रिप्टमध्ये तो ती बदलून देत नाही. एडिटरमध्ये एकही लाल रेघ नाही आणि चालवताना मात्र प्रोग्रॅम कोसळतो, असे अनेकांना अनुभवायला मिळते ते यामुळेच.

सापेक्ष पाथ म्हणजे 'गणपत गल्लीच्या कोपऱ्यावरून पुढची तिसरी गल्ली' असे सांगण्यासारखे आहे. ऐकणारा त्याच कोपऱ्यावर उभा असेल तरच तो पोहोचेल. कोडमध्ये हा कोपरा कोणता, याची दोन उत्तरे आहेत. 'रिक्वायर' किंवा 'इम्पोर्ट' यांना दिलेला './' किंवा '../' ने सुरू होणारा पाथ, ज्या फाइलमध्ये तो लिहिला आहे तिच्या फोल्डरपासून मोजला जातो. उलट नोडमधील फाइली हाताळणाऱ्या 'एफएस'च्या 'रीडफाइल'ला दिलेला तसाच पाथ, प्रोग्रॅम ज्या फोल्डरमधून सुरू केला तिथून मोजला जातो. आपली छपाईची स्क्रिप्ट प्रमाणपत्राचा नमुना 'रीडफाइल'ने वाचत असेल, तर आपल्या संगणकावर प्रकल्पाच्या फोल्डरात उभे राहून ती चालेल आणि लिनक्स सर्व्हरवर सेवा म्हणून सुरू केल्यावर अडेल, कारण सिस्टमडी (लिनक्सवर सेवा सुरू करणारी यंत्रणा) वेगळे सांगितले नसल्यास प्रणालीची सेवा मूळ फोल्डरमधून, म्हणजे '/' मधून सुरू करते. अशा डेटाफाइलींचा पाथ नेहमी '__डर्नेम'पासून (चालू फाइलीच्या फोल्डरपासून) बांधावा; ईएस मॉड्यूल ('इम्पोर्ट' वापरणारी पद्धत) वापरत असाल तर नोड २०.११ पासून 'इम्पोर्ट.मेटा.डर्नेम' उपलब्ध आहे. वेबपॅकच्या एलियसचा 'रीडफाइल'शी काहीही संबंध नाही, हेही येथेच सांगून ठेवतो.

आता लायब्ररीकडे येऊ. एन्हान्स्ड-रिझॉल्व्हला तीन गोष्टी लागतात: शोध कोणत्या फोल्डरमधून सुरू करायचा, मागणी काय आहे, आणि नियम कोणते. उत्तरादाखल ती एक पूर्ण पाथ देते किंवा चूक कळवते. समजा, 'संदेश' हे एलियस '/प्रणाली/सामाईक/संदेश' कडे नेते, एक्स्टेंशनच्या यादीत आधी '.जेएस' आणि मग '.जेसन' आहे, आणि कोडमध्ये 'संदेश/कन्नड' अशी मागणी आली. (फाइलींची व फोल्डरांची नावे येथे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत.) लायब्ररी प्रथम एलियसच्या जागी खरा फोल्डर ठेवते, मग 'कन्नड' या नेमक्या नावाची फाइल आहे का ते पाहते, नसल्यास 'कन्नड.जेएस', त्यानंतर 'कन्नड.जेसन', आणि यांपैकी काहीच नसेल तर 'कन्नड' नावाचा फोल्डर शोधून त्यातील पॅकेज.जेसनमध्ये (पॅकेजची माहिती देणाऱ्या फाइलीत) मुख्य फाइल कोणती सांगितली आहे ते, व तेही नसेल तर 'इंडेक्स' ही फाइल पाहते. सापडलेली वस्तू सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी नोंद) असेल, तर सर्वसाधारण सेटिंगमध्ये तिच्या मागचा खरा पाथ हाती येतो.

या क्रमाकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण ज्या चुका शोधायला सर्वांत अवघड जातात त्या येथेच दडलेल्या असतात. पूर्वी संदेश 'कन्नड.जेएस' मध्ये होते, नंतर आपण ते 'कन्नड.जेसन' मध्ये नेले आणि जुनी फाइल पुसायची राहिली, तर लायब्ररी मुकाट्याने जुनी फाइल उचलेल. चूक कुठेच दिसणार नाही, केवळ सूचनाफलकावर जुना मजकूर छापला जाईल. आणि भट्टीजवळ काम करणाऱ्या माणसापर्यंत जुनी सूचना जाणे ही लहान बाब नव्हे. म्हणून एक्स्टेंशनची यादी आखूड ठेवावी आणि डेटाफाइलींची नावे एक्स्टेंशनसह पूर्ण लिहावीत.

एलियसच्या बाबतीत दोन बारकावे उपयोगी पडतील. 'संदेश' असे एलियस दिले की 'संदेश/कन्नड', 'संदेश/मराठी' हे सर्व त्याच्या कक्षेत येते. केवळ 'संदेश' एवढीच मागणी पकडायची असेल तर नावाच्या शेवटी '$' लावावे लागते. दुसरे असे की सध्याच्या पाचव्या आवृत्तीत एका एलियसला अनेक फोल्डरांची यादी देता येते व ते क्रमाने तपासले जातात. एखाद्या ग्राहकाला प्रमाणपत्राचा वेगळा नमुना हवा असेल, तर आधी त्या ग्राहकाचा फोल्डर आणि मग 'सामाईक' असा क्रम लावून ठेवता येतो. कोडमधील मागणी तीच राहते. लायब्ररीचे नियम बदलता येण्याचा खरा फायदा मला येथे दिसतो.

तरीही, छपाईच्या स्क्रिप्टमध्ये ही लायब्ररी घालू नये असेच माझे मत आहे. ती आपल्याला पाथ शोधून देईल, पण नोडचे 'रिक्वायर' तिला आपणहून विचारणार नाही. प्रत्येक ठिकाणी आधी पाथ शोधून मग फाइल मागवावी लागेल आणि कोड विनाकारण बोजड होईल. त्याऐवजी पॅकेज.जेसनमध्ये 'इम्पोर्ट्स' या नावाखाली '#संदेश/*' सारखी नोंद करावी आणि तिच्यासमोर './सामाईक/संदेश/*' असा पाथ द्यावा. '#' ने सुरू होणारी ही नावे नोड स्वतः समजतो, वेबपॅक ५ समजतो, आणि मॉड्यूल शोधण्याची नवी पद्धत निवडलेली असल्यास टाइपस्क्रिप्टही समजतो. म्हणजे तिन्ही यंत्रणा एकच नियम वाचू लागतात. मात्र या नोंदींतून पाथ उलगडताना नोड एक्स्टेंशनचा अंदाज बांधत नाही, म्हणून ते लिहावेच लागते. शिवाय ही नोंद जवळच्या पॅकेज.जेसनपुरतीच चालते. छपाईच्या फोल्डरात वेगळे पॅकेज.जेसन असेल, तर वरच्या फोल्डरातील '#' नावे तिथे दिसणार नाहीत.

एन्हान्स्ड-रिझॉल्व्हची जागा तिथे आहे, जिथे आपला प्रोग्रॅम दुसऱ्या कोडच्या वतीने पाथ शोधतो. आपण एक छोटी तपासणी स्क्रिप्ट लिहावी असे मी सुचवेन: सर्व फाइलींतील मागण्या गोळा करून त्या लायब्ररीकडे द्याव्यात आणि सर्व्हरवर चढवण्याआधीच काय सापडत नाही ते पाहावे. शोधताना कोणकोणते पाथ चाचपले आणि कोणते नव्हते, हेही ती लायब्ररी नोंदवून देते. दोष शोधताना ही नोंद चूक कळवणाऱ्या संदेशापेक्षा कितीतरी उपयोगी ठरते. फाइलींची माहिती ती कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) ठेवू शकते. तिच्या माहितीपत्रातील उदाहरणात ही मुदत ४,००० मिलिसेकंद आहे, आणि 'ही फाइल नाही' हे उत्तरही तेवढा वेळ टिकते. त्यामुळे नुकतीच तयार केलेली फाइल क्षणभर सापडली नाही तर गडबडून जाऊ नये.

विंडोजवर रोमन लिपीतील लहानमोठ्या अक्षरांचा भेद सहसा मानला जात नाही, लिनक्सवर तो मानला जातो. सर्व्हरवरच अडणाऱ्या पाथांपैकी काही याच कारणाचे असण्याची शक्यता आहे. वरील तपासणी स्क्रिप्ट लिनक्सवर चालवावी म्हणजे ते उघड होतील.

प्रश्न : निपाणी परिसरातील जुन्या कागदपत्रांच्या स्कॅन प्रती आम्ही मराठी आणि कन्नड नावांनी साठवतो. 'कोऱ्या पावत्या' ही फाइल फोल्डरात डोळ्यांना दिसते, पण त्याच नावाने मागितली असता प्रोग्रॅमला सापडत नाही. पाथ शोधणारी लायब्ररी बदलून उपयोग होईल काय?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : होणार नाही. युनिकोडमध्ये 'ऱ' हे अक्षर एका संकेतांकाने लिहिता येते किंवा 'र' आणि त्याखालचा नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही लिहिता येते. दोन्ही दिसायला एकच. लिनक्सची नेहमीची फाइल प्रणाली नावातील बाइट पाहते, म्हणून तिच्या दृष्टीने ही दोन वेगळी नावे आहेत. विंडोजही ती एक मानत नाही. कन्नडमधील दीर्घ ओकाराच्या चिन्हाचेही असेच आहे: ते एकसंध किंवा तुकड्यांत साठवलेले असू शकते. उपाय असा की फाइल साठवताना आणि मागताना, दोन्ही वेळी नाव 'नॉर्मलाइझ' या फंक्शनमधून एनएफसी (युनिकोडच्या एकसंध) रूपात आणावे; जावास्क्रिप्टमध्ये ते २०१५ पासून आहे. आधीच साठवलेल्या फाइलींची नावे एकदा बदलून घ्यावी लागतील.

मराठीपुरती आणखी एक अडचण आहे आणि ती एनएफसीने सुटत नाही. 'ऱ्या' मधील आडवी रेघ काही कीबोर्ड 'ऱ' आणि हलन्त देऊन काढतात, तर काही साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडचिन्हाचा संकेतांक देऊन काढतात. युनिकोडच्या नियमानुसार ही दोन रूपे समतुल्य नाहीत, त्यामुळे ती आपल्या कोडनेच एका रूपात आणावी लागतात. मोठा संग्रह असेल तर फाइलीचे नाव केवळ क्रमांकाचे ठेवावे आणि मराठी-कन्नड शीर्षके डेटाबेसमध्ये ठेवावीत, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रश्न : वापरकर्त्याने दिलेल्या नावाची फाइल दाखवताना, पाथ पूर्ण करून तो 'दस्तऐवज' या फोल्डरच्या नावाने सुरू होतो का एवढे तपासले तर पुरे काय?
— एक अभियांत्रिकी विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : पाथ पूर्ण करून मग तपासण्याचा आपला क्रम योग्य आहे, कारण '../' चा खेळ तेव्हाच उघड होतो. परंतु '/प्रणाली/दस्तऐवज-जुने' हा पाथसुद्धा '/प्रणाली/दस्तऐवज' या अक्षरांनीच सुरू होतो, आणि तो तपासणीतून सुटेल. म्हणून तुलना करताना शेवटी तिरकी रेघ जोडून '/प्रणाली/दस्तऐवज/' अशी करावी. त्या फोल्डरात सिमलिंक असू शकत असतील, तर 'रिअलपाथ'ने खरा पाथ काढून मगच ही तुलना करावी.