गरोदरपणात एच-४ वर अमेरिकेला जातेय, बाळंतपणाचा खर्च कुठला विमा देईल?

तुम्ही लिहिलंय की नवरा टेक्सासमध्ये एच-१बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे, तुम्ही एच-४ वर, म्हणजे त्याच्या बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर जाणार, लग्नाला आठ महिने झालेत, तुम्हाला तिसरा महिना आहे आणि सासूबाई म्हणतात, सातव्यात डोहाळजेवण करूनच जा. मी कोल्हापुरातच मेडिक्लेमचे दावे बघायचं काम करते. माझी धाकटी जाऊ अशीच गरोदरपणात डॅलसला गेली, तेव्हा तिचे सगळे कागद मी वाचले होते. त्यावरून सांगते : कुठली पॉलिसी हे नंतर बघा, आधी विम्यात तुमचं नाव कधी लागतंय ते बघा.

आपल्याकडे वैयक्तिक पॉलिसीत मॅटर्निटी असली तरी वेटिंग पिरियड असतो, म्हणजे ठरावीक काळ गेल्याशिवाय तो खर्च मिळत नाही. म्हणून ‘आता दिवस गेलेत, आता कोण विमा देणार’ असं सगळे म्हणतात. तिकडे तसं नाही. कंपनीच्या ग्रुप विम्यात गरोदरपण हा आधीपासूनचा आजार धरायला १९९६ च्या कायद्याने बंदी आहे. ओबामाकेअरच्या, म्हणजे सरकारी कायद्याखाली स्वतः विकत घ्यायच्या विम्याच्या प्लॅनमध्ये २०१४ पासून बाळंतपण आणि नवजात बाळाचा खर्च धरावाच लागतो. त्यामुळे काही लपवायची गरज नाही.

अडचण मुदतीची आहे. नवऱ्याच्या कंपनीच्या विम्यात बायकोचं नाव वाटेल तेव्हा घालता येत नाही, ठरावीक मुदतीतच घालावं लागतं. लग्नानंतर त्यासाठी मिळणारे ३० दिवस तुमचे उलटून गेलेत. बऱ्याच कंपन्या जोडीदार अमेरिकेत पोचल्यापासून पुन्हा तेवढेच दिवस देतात, पण सगळ्या देतातच असं नाही. नवऱ्याला एचआरकडून हे ईमेलवर लिहून घ्यायला सांगा, फोनवरच्या ‘होऊन जाईल’वर विसंबू नका. तिथे नाही जमलं तर ओबामाकेअरच्या बाजारात (हे प्लॅन विकत मिळतात ती सरकारी व्यवस्था) परदेशातून राहायला आलेल्यांना नाव नोंदवायला ६० दिवस मिळतात. टेक्सासमध्ये नुसतं गरोदर असणं हे त्यासाठी कारण होत नाही. हे दिवस हुकले की थेट वर्षअखेरच्या नोंदणीपर्यंत थांबावं लागतं, आणि तोवर कदाचित तुमचं बाळ झालेलं असेल. आणखी एक, कंपनीचा परवडणारा विमा उपलब्ध असेल तर ओबामाकेअरवर सबसिडी मिळत नाही.

निघताना इथून काढतात त्या ट्रॅव्हल पॉलिसीवर बाळंतपण काढायचा विचार मनात आणू नका. त्यात नॉर्मल डिलिव्हरी सहसा नसतेच. मेडिकेडवरही, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी विम्यावरही, अवलंबून राहू नका. ग्रीन कार्डवाल्यांनाही (तिथे कायम राहायची परवानगी असलेल्यांना) त्यासाठी साधारण ५ वर्षं थांबावं लागतं, काही राज्यांनी गरोदर बायकांना सूट दिलीय तेवढीच. टेक्सासची गरोदर बायकांसाठी चिप पेरिनेटल नावाची सरकारी योजना आहे, पण ती कमी उत्पन्नाच्या घरांसाठी.

आता खरं काम. प्रत्येक प्लॅनसोबत ‘समरी ऑफ बेनिफिट्स अँड कव्हरेज’ नावाचं पत्रक द्यावंच लागतं. त्याच्या शेवटी पेग नावाच्या बाईच्या बाळंतपणाचा नमुना हिशोब असतो : एकूण खर्च १२,७०० डॉलर धरलेला, आणि खाली डिडक्टिबल (विमा सुरू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम) किती, को-पे (दर भेटीची ठरलेली रक्कम) किती, को-इन्शुरन्स (बिलातला आपला टक्क्यांतला वाटा) किती, विम्यात न बसणारं किती, मिळून पेगच्या खिशातून किती. दोन प्लॅनची पत्रकं शेजारी ठेवून फक्त ती शेवटची ओळ बघा. हप्ता कमी दिसणारा प्लॅन तिथे बहुतेक वेळा महाग निघतो. छोट्या कन्सल्टन्सीत नवरा असेल तर जास्तच नीट बघा, कारण काहींच्या स्वस्त प्लॅनमध्ये फक्त तपासण्या असतात, हॉस्पिटलचा खर्च नसतो. तसं निघालं तर माहेरी बाळंतपण करून मग जाणं हा मला सरळ मार्ग वाटतो. बाळाला मग भारतीय पासपोर्ट आणि एच-४ काढावा लागेल, एवढंच.

डिडक्टिबल प्लॅनचं नवं वर्ष लागलं की पुन्हा शून्यापासून सुरू होतं, आणि बहुतेक प्लॅनचं वर्ष १ जानेवारीला बदलतं. तारीख त्या सुमारास असेल तर दोन्ही वर्षांचा हिशोब मांडा. बाळाचं नाव जन्मापासून ३० दिवसांत घालायचं, सोशल सिक्युरिटी नंबरची (तिथला सरकारी ओळख क्रमांक) वाट बघत बसायचं नाही. नॉर्मलला ४८ आणि सिझेरियनला ९६ तास हॉस्पिटलात राहण्याचा खर्च कायद्याने धरलेला आहे. आपल्याकडच्यापेक्षा हे कमी वाटेल, म्हणून घरी मदतीला कोण येणार ते आधी ठरवा.

डोहाळजेवणाबद्दल : सासूबाईंना दुखवू नका, पण ते पाचव्यातही करतात. २८ आठवड्यांनंतर बऱ्याच विमान कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात, आणि तिकडचे बरेच डॉक्टर शेवटच्या महिन्यांत नवीन पेशंट घ्यायला तयार नसतात. १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी इथे करून घ्या आणि डॉक्टरांकडून सगळ्या रिपोर्टांचा इंग्रजीत टाइप केलेला गोषवारा घ्या. हाताने लिहिलेली फाईल तिथे कुणाला वाचता येत नाही.

नवऱ्याकडून ते पत्रक आलं की पेगचं पान इथे टाका, नाव आणि नंबर झाकून. ओळ न् ओळ समजावून सांगते.