विद्यापीठात ख्रिस्ती मुलांचा ग्रुप सुरू करतोय, सगळ्या जातीधर्माच्या मुलांच्या उपयोगी कसा पडेल?

प्रश्न वाचल्यापासून दोन दिवस डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसले. तुम्ही लिहिलंय की संभाजीनगरला विद्यापीठात तुम्ही चौघं मिळून ख्रिस्ती विद्यार्थ्यांचा ग्रुप काढताय, कॅम्पसवर बौद्ध, मराठा, वंजारी, लमाण, मुस्लिम सगळीच पोरं आहेत, त्यांनाही ग्रुपचा आधार वाटला पाहिजे, मग सुरुवात कशी करायची आणि परवानगी कुणाची लागते. ते शेवटी सांगते. आधी हे ऐका, रजिस्टर ठेवू नका. कोण आलं, कुठल्या धर्माचं, किती वेळा आलं, प्रार्थनेला थांबलं का, यातलं एक अक्षर कागदावर येऊ देऊ नका. आणि कुणी जेवत असताना फोटो तर अजिबात काढू नका.

मी जालन्याची. २०१४ ते २०१६ तुमच्याच विद्यापीठात एम.एस्सी. केली, बेगमपुऱ्यात आम्ही तिघी खोली करून राहायचो. शनिवारी संध्याकाळी खोलीवर सहभागिता असायची, आठ-नऊ जण, एक अध्याय वाचायचा, दोन गाणी, प्रार्थना, चहा, की झालं. एका मंडळीचा, म्हणजे चर्चचा, आम्हाला आधार होता, तिथले एक वडीलधारे आमच्यावर लक्ष ठेवून असायचे, आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. नाव घेत नाही.

२०१५-१६ चं साल आठवत असेल तर आठवा. लागोपाठ दुसरं दुष्काळाचं वर्ष. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते एप्रिलमध्ये, ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं, पण पोरांची उपासमार त्याच्या कितीतरी आधी, दिवाळीपासूनच सुरू झाली होती आणि ती कुणी बघितली नाही. मेस चालू होत्या, पोरंच जाईनात, कारण घरून महिन्याचे पैसे येईनात. सोयाबीन गेलं, कापूस गेला, बाप फोनवर म्हणायचा पुढच्या महिन्यात बघू. केजकडचा एक पोरगा होता आमच्या ओळखीत, आईबाप ऊसतोडीला, दसरा झाला की मुकादमाकडून उचल, म्हणजे कामाआधीचे आगाऊ पैसे, घेऊन कोयत्यावर जायचे ते उन्हाळ्यातच परत. त्या साली उसालाच पाणी नाही, काम कमी, घेतलेली उचलच फिटेना तर पोराला काय पाठवणार. येमेनचा एक जण होता, तिकडं २०१५ ला युद्ध पेटल्यापासून त्याचेही पैसे अडकलेले. केजवाला शनिवारी यायचा तो चहासोबत बिस्किटं असतात म्हणून यायचा हे मला कळायला दीड महिना लागला आणि त्याची मला अजून लाज वाटते.

मग आम्ही ठरवलं की रोज रात्री एक वेळ सगळ्यांना भाकरी घालायची. घरी गेलेल्यानं येताना शिधा आणायचा, माझ्या घरून ज्वारी, एकीच्या घरून तूरडाळ, भाऊंनीही मंडळीतून महिन्याला काही रक्कम मिळवून दिली, ते मी नाकारणार नाही, ती नसती तर जमलं नसतं. पिठलं, भाकरी, ठेचा, बुधवारी खिचडी. पाण्याचे जार विकत. तेव्हा जायकवाडीतच पाणी नाही तर शहरात कुठून येणार, भांडी घासायचे वांधे, म्हणून प्रत्येकानं आपलं ताट आणायचं आणि आपणच नेऊन धुवायचं असा नियम केला. नागसेनवनातल्या होस्टेलवरची एक बौद्ध मैत्रीण होती, पहिल्या दिवशी तिनं बसायच्या आधीच सरळ विचारलं, तुमच्यात जेवलं की पुढं काय करावं लागतं? मी म्हटलं, ताट धुवावं लागतं. ती हसली आणि बसली. जानेवारी संपेपर्यंत वीस-पंचवीस ताटं व्हायला लागली, आमच्यातले नऊ सोडले तर बाकी सगळे बाकीच्या घरातले. आम्ही जेवणाआधी आपली मनातल्या मनात प्रार्थना करायचो, कुणाला थांबवायचं नाही, भूक लागलेल्याला गरम भाकरीसमोर थांबवणं हे पाप आहे असं माझं मत आहे.

फेब्रुवारीतला शनिवार. भाऊ आले, सोबत एक कॅमेरावाला आणि एक नवं कोरं रजिस्टर. रकाने आधीच आखलेले, नाव, गाव, धर्म-जात, मोबाइल. पैसे देणाऱ्यांना अहवाल पाठवायचाय म्हणाले. पोरं जेवत होती, रजिस्टर पंगतीतून पुढं पुढं सरकायला लागलं, आणि भाऊ उभे राहून म्हणाले, ज्यांना प्रभूविषयी आणखी ऐकायची इच्छा आहे त्यांनी हात वर करा. दोन-तीन सेकंद कुणीच हललं नाही. मग केजच्या पोरानं हात वर केला. उजवाच हात, बोटांना पिठलं लागलेलं, आणि तो बघत होता भाकरीच्या टोपलीकडं. टोपलीत चार-पाच भाकरी उरल्या होत्या. त्याला वाटलं असणार की हात नाही वर केला तर त्या आता फिरणार नाहीत. कॅमेरावाल्यानं फोटो काढला.

नागसेनवनातली मैत्रीण ताट उचलून उठली, अर्ध्यावर, आणि काही न बोलता निघून गेली. रजिस्टरमध्ये तोपर्यंत सात नावं लिहून झाली होती. मी ते पान फाडलं. सगळ्यांसमोर. भाऊ रागावले नाहीत, शांतपणे म्हणाले, बाळा, पेरलंच नाही तर उगवणार काय? मी म्हटलं, भाऊ, याला पेरणं म्हणत नाहीत, ही उचल आहे, आधी भाकरी द्यायची आणि मग हात वर करून घेऊन फेडून घ्यायची, आपण मुकादम झालो का? खोलीत तीन-चार पोरं ऊसतोडीच्याच घरातली होती. ती ताटात बघत बसली. मला ते तिथं बोलायला नको होतं, एवढं एकच मला आज वाटतं. बोलले त्यातला शब्दही चुकीचा नव्हता.

आता तुम्ही म्हणाल एका रजिस्टरनं एवढं काय होतं. होतं. तुम्ही स्वतः ख्रिस्ती आहात म्हणजे घरात ऐकलं असेलच. १९५० च्या आदेशानं अनुसूचित जातीची सवलत आधी हिंदूंना आणि शिखांतल्या मोजक्या जातींना, १९५६ ला बाकीचे शीख, १९९० ला बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती झालेल्यांना आजही नाही. महाराष्ट्रात अशांना ओबीसीत धरतात. म्हणून मराठवाड्यात कितीतरी घरं अशी आहेत की कागदावर एक, रविवारी उपासनेत दुसरं, आणि मांगवाड्यातलं एखादं पोरगं नुसतं कुतूहल म्हणून तुमच्यात येऊन बसतं. त्याचं नाव तुम्ही धर्माच्या रकान्यात लिहिलं, फोटो कुणीतरी फेसबुकवर टाकला, की त्याच्या शिष्यवृत्तीच्या आणि जात पडताळणीच्या मागं शुक्लकाष्ठ लागू शकतं. घरी, गावात काय होईल ते वेगळंच. कुणी बाहेरचा येऊन तुमच्यावर आमिषाचा आरोप करायला उठला तर त्याला पुरावा म्हणून तुम्हीच छापून दिलेलं रजिस्टर हातात मिळतं. मागं १९७७ ला सुप्रीम कोर्टानं स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलंच आहे की धर्माचा प्रचार करायचा हक्क आहे, पण दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क असा काही नाही.

आणि हे विद्यापीठ कुठलं आहे ते विसरू नका. बाबासाहेब आंबेडकरांच्या ज्या नावासाठी १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत लोक झगडले, घरं जळाली, माणसं मेली, त्या नावाच्या गेटातून तुम्ही रोज आत जाता. आमच्या आजीच्या वस्तीत ७८ ला जाळपोळ झाली तेव्हा जाळणाऱ्यांनी बौद्ध कोण आणि ख्रिस्ती कोण असं विचारलं नव्हतं. तुम्ही प्रश्नात जातीधर्मांची जी यादी दिलीय ना, त्यातल्या निम्म्या पोरांच्या घरात त्याची एखादी गोष्ट आहे, जळणाऱ्यांच्या बाजूनं किंवा जाळणाऱ्यांच्या. एवढं माहीत असल्याशिवाय सगळ्यांच्या उपयोगी पडायचं असं म्हणू नये माणसानं.

त्या शनिवारनंतर मंडळीचे पैसे बंद झाले. आमच्यातलेही तिघं भाऊंच्या बाजूनं गेले. मैत्रीण चौथ्या दिवशी परत आली, ताट घेऊन, काही बोलली नाही, बसली. केजचा पोरगा आला नाही. त्याला तोंड दाखवायची लाज वाटली असेल, खरं तर लाज आम्हाला वाटायला पाहिजे होती. मग त्याच्या खोलीशेजारच्या एकाच्या हाती रोज डबा पाठवायला लागलो. पहिल्या दिवशी डबा परत आला तो घासून-पुसून, आणि आत मूठभर शेंगदाणे. रिकामा डबा परत करायचा नाही ना आपल्याकडं. परीक्षा संपेपर्यंत रोज डबा गेला आणि रोज त्यातून काहीतरी आलं, कधी लिंबू, कधी दोन हिरव्या मिरच्या, एकदा एक रुपयाचं चॉकलेट. त्याच्याकडं दुसरं काय असणार होतं. पुन्हा तो मला कधी भेटला नाही.

भाऊ दर नाताळला भेटतात आणि म्हणतात, तू त्या दिवशी पान फाडलंस, एक जीव प्रभूकडं येता येता राहिला. भाऊ, तुम्ही हे वाचत असाल तर, तो शेंगदाणे पाठवत होता. तुमच्या रजिस्टरमध्ये याला रकाना नव्हता.

त्यांचं आणखी एक ठरलेलं असतं, नारायण शेषाद्रींचं उदाहरण. आम्हा जालनेकरांना त्यांचा अभिमान आहेच, १८४३ ला बाप्तिस्मा घेतला, पुढं निजामाच्या मुलखात जालन्याजवळ बेथेल वसवलं, मोठं काम. पण त्याच १८४३ मधलं दुसरं प्रकरण भाऊ सांगत नाहीत. शेषाद्रींचा धाकटा भाऊ, बारा वर्षांचं पोर, मिशनऱ्यांकडं राहिलं म्हणून कोर्टकचेरी झाली, कोर्टानं बापाच्या ताब्यात दिलं तर ब्राह्मण त्याला परत जातीत घेईनात, आणि बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घ्या म्हणून उभे राहिले तर त्यांनाच त्रास झाला. एका लेकराला दोन्ही बाजूंनी ओढलं. म्हणून अकरावी-बारावीच्या पोरांना ग्रुपमध्ये अजिबात घेऊ नका, आपल्याच मंडळीतली असतील आणि आईबाप सोबत पाठवत असतील तर गोष्ट वेगळी.

आता तुम्ही विचारलेलं. विद्यापीठाकडून धार्मिक ग्रुपला मान्यता वगैरे मिळायच्या नादाला लागू नका, वर्गात किंवा विभागात बैठक घेऊ नका. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण देता येत नाही आणि अनुदानित किंवा मान्यता असलेल्या ठिकाणीही मर्जीशिवाय कुणाला बसवता येत नाही, घटनेचं २८ वं कलम वाचा. खोलीवर किंवा चर्चच्या हॉलमध्ये जमा, घरमालकाला आधी सांगून. एकट्यानं नको वाटत असेल तर यूईएसआय ही ख्रिस्ती संघटना १९५४ पासून विद्यार्थ्यांचं काम करतेय, कॅथलिक मुलांसाठी आयकफ १९२४ पासून आहे, त्यांना विचारा. आमचा ग्रुप यांच्यापैकी कुणाचा नव्हता, त्यामुळे त्यांच्याबद्दल बरंवाईट मी काही सांगत नाही. सगळं मराठीत चालवा. गिटार घेऊन इंग्रजी गाणी म्हटली की पैठणचं पोरगं दारातूनच परत जातं, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं टाळावर म्हणा, शेजारची काकू पण येऊन बसते, आमच्याकडं बसायची. २०२० च्या धाराशिवच्या साहित्य संमेलनाला फादर दिब्रिटो अध्यक्ष म्हणून निवडले गेले तेव्हा विरोध झालाच होता, पण तो माणूस तिथवर पोचला मराठीत लिहून, हे लक्षात ठेवा.

काही गोष्टी राहिल्या. मी श्रद्धा लपवा असं म्हणत नाहीये, कुणी विचारलं तर मोकळेपणानं सांगा, मी आजही सांगते. आणि पैशाचा हिशेब मात्र पै-पैचा लिहा, ते रजिस्टर वेगळं, ते पाहिजेच. मुलींची बैठक सातच्या आत संपवा. सगळेच वडीलधारे आमच्या भाऊंसारखे नसतात, त्या दुष्काळात आपल्या घरातली ज्वारी अर्धी करून देणारे पण मंडळीतलेच होते.

डबे घ्यायचे झाले तर स्टीलचे घ्या, झाकण घट्ट बसणारे, गुलमंडीत मिळतात. दुकानदार म्हणेल ग्रुपचं नाव फुकट घालून देतो. नको म्हणा.