बाळ विंगेत कोण सांभाळायचं?

प्रश्न : ताई, आमच्या महिला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार दिवस वाद चाललाय. एकजण म्हणते सिनेमातली पहिली नटी कमलाबाई गोखले, दुसरी म्हणते नाही, त्यांची आई दुर्गाबाई कामत. खरं काय? आणि मायलेकी एकाच सिनेमात होत्या का? – एक वाचक, सातारा

उत्तर : दोघींचंही बरोबर आहे, कारण दोघी एकाच सिनेमात होत्या. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा ‘मोहिनी भस्मासुर’, त्यात दुर्गाबाई पार्वती झाल्या आणि त्यांची लेक कमला मोहिनी झाली, ती तेव्हा १३ वर्षांच्या आसपासची. त्याआधी ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी फाळके बाई शोधून शोधून थकले होते, वेश्यावस्तीतसुद्धा विचारून आले तर तिथूनही नकार, शेवटी हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना लुगडं नेसवून तारामती केलं. आणि हे बघा, १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये रामही साळुंके आणि सीताही साळुंकेच! म्हणजे या मायलेकी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या त्याला चार वर्षं झाली तरी पडद्यावर सीता पुरुषच करत होता.

पण मला विचाराल तर दुर्गाबाईंची खरी गोष्ट सिनेमाच्या दहा वर्षं आधी सुरू होते. १९०३ च्या सुमाराला त्या नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या, पदरात तीनेक वर्षांची पोर. अशा बाईपुढं तेव्हा काय होतं, चार घरची धुणीभांडी नाहीतर कुणाकडं पोळपाट-लाटणं. त्यांनी फिरत्या नाटक कंपनीची वाट धरली. नाटकात बायकांची कामं पुरुष करायचे तो काळ, चांगल्या घरातली बाई तोंडाला रंग लावून उभी राहिली की नातेवाईक ओळख दाखवायचे बंद व्हायचे. आणि सोबत लहान लेकरू. आज आपण मुलाला घेऊन दोन दिवस लग्नाला निघालो तर निम्मी गाडी त्याच्याच सामानानं भरते, इथं सगळं बालपणच मुक्कामावर, आज हे गाव, पुढच्या महिन्यात ते गाव, रात्री प्रयोग आणि सकाळी बोचकं बांधा. शाळा कुठली लावणार? मुलगी विंगेत उभी राहून बघायची, बघून बघून पाठ करायची, आणि चार वर्षांची असल्यापासून स्वतःच स्टेजवर यायला लागली. याला संस्कार म्हणा, शिक्षण म्हणा, पाळणाघर म्हणा, सगळं ती कंपनीच.

पुढं कमलाबाईंच्या वाट्यालाही थोडंफार तेच आलं. रंगभूमीवरच्याच रघुनाथराव गोखल्यांशी लग्न झालं आणि पंचविशीतच नवरा गेला. तीन मुलगे त्यांनी अभिनयाच्या कमाईवर एकटीनं वाढवले. थोरले चंद्रकांत गोखले, ते नट झाले, लालजी आणि सूर्यकांत तबल्याकडं वळले आणि चंद्रकांतरावांचे चिरंजीव म्हणजे आपले विक्रम गोखले. लोक म्हणतात घराण्यातच अभिनय होता, रक्तात होता. मला नाही पटत. घराणं आपोआप तयार होत नाही हो, त्याच्या मुळाशी एक घर सोडलेली बाई आहे जिनं पोरीला मागं ठेवलं नाही, काखेत घेऊन गेली. तुमच्या ग्रुपवर ‘पहिली कोण’ ठरवताना हे पण टाका.

प्रश्न : विठाबाई नारायणगावकरांनी तमाशा चालू असताना बाळाला जन्म दिला आणि दगडानं नाळ तोडून परत नाचायला आल्या असं माझी आजी सांगायची. हे खरं आहे का? मला ते ऐकून अभिमान वाटण्याऐवजी पोटात कालवतं, आई म्हणून हे बरोबर का असा प्रश्न पडतो. – एक वाचक, मंचर

उत्तर : तुमच्या पोटात कालवतं ते बरोबरच आहे, ते दाबू नका. विठाबाईंची ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते ती अशीच, दिवस भरलेले, बारी चालू, कळा आल्या तशा आत गेल्या, बाळ झालं, दगडानं नाळ ठेचली आणि परत बोर्डावर आल्या. पोट सपाट दिसलं तेव्हा समोरच्या पब्लिकच्या लक्षात आलं काय झालंय ते, आणि त्यांनीच हात जोडून बाईंना थांबवलं.

आपण ही गोष्ट नेहमी तिथंच संपवतो, वा काय हिंमत, टाळ्या. पण दुसऱ्या दिवशीचं कुणी विचारत नाही. ओली बाळंतीण आणि पुढच्या गावची सुपारी घेतलेली. तमाशाचा फड म्हणजे ढोलकीवाले, सोंगाड्या, नाचणाऱ्या मुली, तंबू ठोकणारे, ट्रकवाले आणि या सगळ्यांची चूल एका बाईच्या पायांवर, जत्रांचा सीझन गेला की पावसाळाभर हातात काही नाही. तुम्ही विचारता आई म्हणून बरोबर का, मी म्हणते दिवस भरलेल्या बाईला बोर्डावर उभं राहावं लागलं हे कुणाला बरोबर वाटत होतं? तो हिशोब तिच्याकडं मागू नका.

माझी मावशी नारायणगावची. लहानपणी सुट्टीत गेले की रस्त्याच्या कडेला फडांच्या राहुट्या दिसायच्या, तिथं गावोगावचे पुढारी यात्रेची सुपारी द्यायला यायचे. एका राहुटीबाहेर दोरीवर जरीचं नऊवारी वाळत होतं आणि त्याच दोरीला चार झबली नि एक टोपडं, आत ढोलकीची वादी ताणायचा आवाज आणि साडीच्या झोळीत बाळ गाढ झोपलेलं. ते बाळ त्या आवाजाला सरावलं होतं, ढोलकी थांबली की उठायचं असं तिथली म्हातारी मावशीला सांगत होती. विठाबाईही अशाच वाढल्या, वडील भाऊ आणि चुलते बापू यांच्या फडात, आणि त्यांची लेक मंगला बनसोडे हिनं पुढं स्वतःचा फड उभा केला. १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते मान मिळालेल्या या बाईची अखेरची वर्षं मात्र हलाखीत गेली. २००२ मध्ये त्या गेल्या. आता त्यांच्या नावानं सरकारचा जीवनगौरव आहे, चांगलंच आहे, पण जिवंतपणी औषधपाण्याला पैसे असते तर जास्त चांगलं झालं असतं.

प्रश्न : मुलीच्या बालवाडीत ‘थोर स्त्रिया’ वेशभूषा आहे. जिजाऊ आणि सावित्रीबाई वर्गात आधीच सहा-सहा झाल्यात. दुसरं कोण सुचवाल? – एका साडेचार वर्षांच्या मुलीची आई, डोंबिवली

उत्तर : अहो, ती ज्या बालवाडीत जाते ती बालवाडीच ज्यांच्यामुळं आपल्याकडं रुजली त्यांना करा ना! ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. ताराबाईंनी गुजरातेत भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांसोबत काम केलं, १९४५ ला डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला आल्या, तिथं अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई १३ व्या वर्षी विधवा झालेल्या, स्वतःचं मूल नाही आणि हजारो पोरांची शेंबडं नाकं पुसली. वारली पाड्यावरची पोरं शाळेत येईनात, कारण धाकट्या भावंडाला कोण बघणार आणि गुरं कोण राखणार, तर यांनी शाळाच अंगणात नेली, पुढं कोसबादला गुरांमागच्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. आधी पोरांना आंघोळ, वेणीफणी, मग गाणी-गोष्टी. सरकारच्या अंगणवाड्या १९७५ ला सुरू झाल्या, या बायका त्याच्या तीस वर्षं आधीपासून ते करत होत्या.

मुलीला साधी सुती साडी नेसवा, दागिना नको. मॉन्टेसरीची महागडी साधनं खेड्यात परवडणार कुठून, म्हणून त्या शंख-शिंपले, खडे, बिया यांच्यावरच मोजायला शिकवायच्या, तेव्हा हातात एक टोपली द्या, त्यात शिंपले आणि मूठभर चिंचोके. स्टेजवर भाषण पाठ म्हणायला लावू नका, खाली मांडी घालून बसू दे आणि मोठ्यानं दहा चिंचोके मोजू दे. शिंपले सहज मिळाले नाहीत तर राहू दे, चिंचोके मात्र आधी धुऊन वाळवून ठेवा, नाहीतर साडीला डाग पडतील.