राखेचं गाव नव्हे, पोरांचं

प्रश्न : भाचा शिकायला इंग्लंडात लिंकनला आहे. हॉर्नकॅसलजवळ ‘अ‍ॅशबी प्युअरोरम’ अशी पाटी त्यानं पाहिली. हे राखेचं गाव का? - एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : राखेशी काही संबंध नाही हो! हा ‘अ‍ॅश’ म्हणजे झाड. ‘बी’ म्हणजे डेन्मार्ककडच्या लोकांच्या बोलीत शेतवस्ती, गाव. नवव्या शतकात ही मंडळी लढत लढत आली नि लिंकनशायरात नांगर धरून बसली. ग्रिम्सबी, व्हिटबी, झालंच तर डर्बी, सगळ्यांच्या शेपटीला तेच ‘बी’. आपण बोरीवरून बोरगाव म्हणतो, तसं हे.

पण एका नावाची गावं फार झाली की पंचाईत होते. मी तीस वर्षं टपालात सॉर्टिंग केलं. नुसतं ‘बोरगाव, जि. वर्धा’ लिहिलेलं पोस्टकार्ड हातात आलं की मी ते कोणत्या खणात टाकू? ‘बोरगाव (मेघे)’ लिहिलं असतं तर सुटलो असतो. तिकडंही अ‍ॅशबी ढीगभर, म्हणून शेपूट जोडलं. ‘प्युअरोरम’ हे लॅटिन, अर्थ ‘मुलांचं’. कोणती मुलं? लिंकनच्या कॅथेड्रलमध्ये गाणारी. या गावचं उत्पन्न त्यांच्या खर्चासाठी लावून दिलं होतं. आपल्याकडं देवळाच्या दिवाबत्तीला जमीन इनाम असते ना, अगदी तसंच.

गाव आजही चिमुकलं, आपल्याकडच्या टोलीएवढं. भाच्याला म्हणावं, पाटीचा फोटो पाठव.