हातांना विचारा : चिकटवलं की वाकतं

प्रश्न : ताई, भाचीच्या लग्नात आहेराबरोबर द्यायला मी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर साडीचा काठ चिकटवून वीस कार्डं केली. रात्री सपाट होती, सकाळी सगळी पन्हाळीसारखी वाकलेली. डिंक कमी पडला की जास्त झाला?
– एक वाचक, सेलू

उत्तर : डिंकापेक्षा त्यातल्या पाण्याकडं बघा. फेव्हिकॉल असो की खळ, त्यातलं पाणी पिऊन कागद आणि कापड फुगतं, वाळताना आक्रसतं, आणि ज्या बाजूला चिकटवलंय त्या बाजूला कार्डाला ओढून घेतं. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. कडा बघता बघता वाळतात आणि मधला भाग ओलाच राहतो.

माझे वडील परभणीच्या मोंढ्यात आडत दुकानांच्या चोपड्या बांधायचे. पुठ्ठ्यावर बाहेरून कापड चढवलं की ते वाळायच्या आत आतून कागद चिकटवायचे. दोन्हीकडून सारखी ओढ बसली की पुठ्ठा हलत नाही. तुमच्या कार्डांनाही हेच लागू. काठ जेवढा रुंद, तेवढीच कागदाची पट्टी त्याच्या बरोबर मागं, आतल्या बाजूनं लावा. मग वर-खाली कोरे कागद घालून पाट्याखाली ठेवा. तासाभरानं ते कागद बदला, कारण पहिल्यांनी पाणी शोषलेलं असतं. वर्तमानपत्र मात्र वापरू नका, शाई उतरते. वाकलेली वीस कार्डंही अशीच सरळ होतील, टाकून देऊ नका.

दुसरी गोष्ट कागदाच्या तंतूंची. गिरणीतल्या कागदाचे तंतू बहुतेक एकाच दिशेनं लोळलेले असतात. कागद हातात धरून न मोडता आधी लांबीत, मग रुंदीत हलकेच वाकवा. जिकडं सहज वाकेल, तिकडंच घडी घाला. उलट घातली की जाड कागदाची घडी भेगाळते. ए-४ आकाराच्या कागदात तंतू बहुधा लांबीच्या दिशेनं असतात, म्हणून तो मधोमध दुमडून कार्ड केलं की घडी फुटते. दौलताबाद आणि खुलताबादच्या मधल्या कागजीपुऱ्यात हातानं केलेला कागद मिळाला तर जरूर घ्या. महंमद तुघलकानं 1327 मध्ये राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा त्याच्याबरोबर कागद करणारे आपले पूर्वज आले असं तिथले लोक सांगतात. साच्यावर हातानं उचललेल्या त्या कागदात तंतू सगळीकडं पसरतात, त्यामुळं घडी कुठूनही घाला. मला कार्डासाठी त्याच्याइतका आवडता कागद दुसरा नाही.

खळ घरीच करा. एक वाटी मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, एकूण पाणी पाच वाट्या, आणि मंद आचेवर चकाकी येईपर्यंत ढवळा. वडील कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालायचे. ते विषारी असतं. मुलाबाळांच्या घरात नकोच. थोडी थोडी करून ताजी वापरा.

प्रश्न : सासूबाईंचं इरकली लुगडं माझ्याकडं आहे. त्यांना जाऊन वर्ष होईल. तिन्ही नणंदांना त्यातलं काहीतरी करून द्यावं वाटतं, पण कात्री लावायला हात उचलत नाही.
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : पदराला हात लावूच नका. तो लाल पदर आणि त्यावरची पांढरी नक्षी अख्खी राहू द्या. पदराच्या विरुद्ध टोकाचा काठ घ्या. आधी तो उजेडासमोर धरा. जिथं विरलाय तो भाग सोडा, धड असेल तिथून तीन नणंदांच्या तीन कार्डांसाठी तीन तुकडे, प्रत्येकी वीतभर. कापायच्या आधी ओल्या पांढऱ्या फडक्यानं रंग पुसून बघा. फडक्यावर लाली आली तर पातळसुद्धा कांजी लावू नका, तसंच कोरडं टाचून घ्या.

रंग पक्का असेल तर पातळ कांजी करून इस्त्री करा. मग पातळ कागदाला खळ लावा आणि तो कापडाच्या मागं बसवा. खळ कापडाला लावली तर ती झिरपून वर येते आणि डाग पडतो. पूर्ण वाळल्यावरच कात्री चालवा, म्हणजे कडेचे धागे सुटणार नाहीत. इथं फेव्हिकॉल नको म्हणते, त्याला कारण आहे. खळ पुढं कधीही ओलसर करून सोडवता येते. तुमच्या नणंदेच्या नातीला तो काठ काढून दुसरीकडं लावावासा वाटला, तर लावता यावा.

कार्डाच्या आत छापील मजकूर चिकटवू नका. सासूबाई त्या त्या लेकीला ज्या नावानं हाक मारायच्या, ते नाव तुमच्या अक्षरात लिहा. बाकीच्या धड भागाची वाकळ शिवा. ती तुमच्या घरात राहू द्या.

प्रश्न : मी सहावीत आहे. पोळ्याला आजोबांना असं कार्ड द्यायचंय की उघडलं की बैल उभा राहील. मी केलं तर बंद केल्यावर बैलाची शिंगं बाहेर येतात.
– एक बालवाचक, अहमदपूर

उत्तर : बाळा, चूक मापात आहे. ए-४ कागद दुमडलास की घडीपासून कडेपर्यंत साधारण 14.8 सेंटिमीटर जागा मिळते. घडीवर दोन बोटं अंतर ठेवून 4 सेंटिमीटरच्या दोन सरळ चिरा दे आणि मधली पट्टी आत ढकल, पायरी तयार होईल. तिच्या पुढच्या बाजूवर बैल चिकटव, पाय पायरीच्या तळाशी. कार्ड मिटलं की बैल घडीपासून 4 सेंटिमीटरवर सुरू होतो. म्हणून शिंगांसकट तो 10 सेंटिमीटरपेक्षा उंच नको. झूल आईच्या शिवणातल्या चिंधीची कर, पण फक्त वरच्या कडेला चिकटव. खालची मोकळी राहिली की कार्ड उघडताना ती हलते.