ताप आला म्हणून गोळ्या थांबवल्या, तर आजार परत येईल का?

"मधले तीन-चार दिवस गोळ्या बंद राहिल्या, तर आजार पुन्हा डोकं वर काढेल का?" कर्करोगावर दोन टार्गेटेड औषधं, म्हणजे पेशीतला ठरावीक बिघाड हेरून अडवणाऱ्या गोळ्या, एकत्र घेणारे रुग्ण आणि त्यांच्या घरची माणसं हा प्रश्न मला वारंवार विचारतात. जे विचारतात त्यांची मला फारशी चिंता वाटत नाही, कारण त्यांना उत्तर मिळतं. चिंता वाटते ती न विचारणाऱ्यांची. 'थांबवा' हा शब्द ऐकायला लागू नये म्हणून ते डॉक्टरांना त्रासच सांगत नाहीत. ज्या ताईंबद्दल इथे लिहिते आहे, त्या अशांपैकीच एक. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ताई शिक्षिका, वय पंचेचाळिशीच्या पुढे. पोटरीवरचा काळा डाग वाढत गेला आणि तपासणीत मेलॅनोमा निघाला. हा त्वचेतल्या रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग. शस्त्रक्रिया झाली. जांघेतल्या एका गाठीतही आजार सापडला. पेशींच्या तपासणीत ब्रॅफ नावाच्या जनुकात बदल दिसला. या बदलामुळे पेशीला वाढत राहण्याचा निरोप अखंड मिळत राहतो. म्हणून आजार परतू नये यासाठी डॉक्टरांनी वर्षभराकरता दोन औषधं सुरू केली. डाब्राफेनिब दिवसातून दोनदा आणि ट्रामेटिनिब एकदा. पहिलं औषध ब्रॅफला अडवतं, दुसरं त्याच निरोपाच्या पुढच्या टप्प्यावर असलेल्या मेक या प्रथिनाला. एकट्या औषधापेक्षा ही जोडी जास्त परिणामकारक ठरली आहे. मात्र ताप येण्याचं प्रमाण जोडीत वाढतं.

माझ्याकडे त्या समुपदेशनासाठी आल्या, पण तापामुळे नव्हे. "झोप लागत नाही, मुलीवर उगाच ओरडते," एवढंच सांगून नर्सने त्यांना पाठवलं होतं. पहिल्या भेटीत त्या सारखं एकच म्हणत होत्या, "तसा मला काही त्रास नाही. किमो घेणाऱ्यांना बघा, केवढं सोसतात. मी तर नुसत्या गोळ्या घेते."

हे 'नुसत्या गोळ्या' मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की ते ऐकलं की मी थांबतेच. टार्गेटेड उपचार घेणाऱ्या माणसाचं दुखणं आसपासच्या लोकांना दिसत नाही. केस सहसा जागेवर असतात, सलाइन लावलेलं नसतं, माणूस घरात चालता-फिरता असतो. येणारा-जाणारा कौतुकाने म्हणतो, "अगं, तू तर अगदी पहिल्यासारखी दिसतेस!" बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ऐकणारीला वाटतं, मग मला जे होतंय ते सांगायचा मला हक्कच नाही. ताईंना शाळेचे दोन जिने चढताना मध्ये थांबावं लागत होतं. अंगावर पुरळ होतं, ते त्या लांब बाह्यांखाली झाकत होत्या. गोळ्या रिकाम्या पोटी घ्याव्या लागतात, म्हणजे जेवणाच्या किमान एक तास आधी किंवा जेवणानंतर दोन तासांनी. त्यामुळे साऱ्या घराचं जेवण घड्याळाला बांधलं गेलं होतं. ट्रामेटिनिब फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. रोज फ्रिज उघडला की ती बाटली समोर. हा सगळा त्रासच असतो, आणि त्याला त्रास म्हणायला कुणाच्या परवानगीची गरज नसते, हे मी त्यांना त्या पहिल्या भेटीतच सांगितलं.

तापाची गोष्ट दुसऱ्या भेटीत निघाली, तीही मुलीमुळे. आईच्या पर्समध्ये तिला पॅरासिटामॉलच्या रिकाम्या पट्ट्या सापडल्या होत्या. ताई बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग सगळं बोलून गेल्या. उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच संध्याकाळी थंडी वाजून ताप यायला लागला होता. पहिल्यांदा ताप आला तेव्हा त्यांनी डॉक्टरांना कळवलं. डॉक्टरांनी दोन्ही गोळ्या थांबवायला सांगितल्या, ताप उतरला आणि गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पण ते मधले दिवस ताईंनी भीतीत काढले. "रात्री पडल्या पडल्या वाटायचं, आत्ता या क्षणी त्या पेशी जाग्या होत असतील. अडवायला कुणीच नाही." पुन्हा ताप आला तेव्हा त्यांनी कुणाला सांगितलं नाही. थंडी वाजायला लागली की पॅरासिटामॉल घ्यायचं, पांघरूण ओढून पडायचं आणि गोळ्या वेळेवर घेत राहायचं. हीच आपली जिद्द, असं त्यांना वाटत होतं.

जिद्दीबद्दल मला आदर आहे. पण इथे ती चुकीच्या जागी लागली होती, आणि हे मी त्यांच्याशी स्पष्ट बोलले. या जोडीतला ताप नुसता अंग गरम होण्यावर थांबेलच असं नाही. त्यासोबत हुडहुडी भरते, शरीरातलं पाणी कमी होतं, रक्तदाब खाली जातो, मूत्रपिंडांवर ताण येतो. अंगात ताप असताना गोळ्या रेटत राहिल्या तर तो आणखी बळावू शकतो. शिवाय, कर्करोगाच्या रुग्णाला आलेला प्रत्येक ताप औषधाचाच असेल असं नाही. तो जंतुसंसर्गाचाही असू शकतो, आणि ते तपासल्याशिवाय कळत नाही. पॅरासिटामॉलने आकडा खाली आणला की तपासायला काही उरतच नाही.

तरीही माहिती दिल्याने भीती जात नाही, हे या कामात मला पुन्हा पुन्हा दिसतं. म्हणून मी त्यांना विचारलं, "गोळी न घेतलेल्या दिवशी शरीरात नेमकं काय होतं, असं तुम्हाला वाटतं?" त्यांनी एक चित्र उभं केलं. गोळी म्हणजे दारावरचा पहारेकरी. तो हलला की त्याच क्षणी चोर आत. हे चित्र त्यांच्या मनात इतकं पक्कं बसलं होतं की डॉक्टरांचं 'काळजी करू नका' त्याच्यापुढे टिकणं शक्य नव्हतं. मी ते चित्र खोडायचा प्रयत्न केला नाही. हाच प्रश्न, याच शब्दांत, डॉक्टरांना विचारायचा असं आम्ही ठरवलं. त्यांनी तो वहीत लिहिला. खाली आणखी एक ओळ लिहिली, 'मी ताप लपवला आहे.' ती लिहिताना त्यांचा हात थांबला होता. "रागावतील," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "रागावले तर मी शेजारी बसलेली असेन."

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी जे सांगितलं त्यातला एक भाग मी तेव्हापासून बऱ्याच रुग्णांना सांगते, कारण भीतीला जिथे उत्तर हवं असतं तिथेच तो पोचतो. शस्त्रक्रियेनंतर हीच दोन औषधं देऊन झालेला मोठा अभ्यास, कॉम्बी-एडी, २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात ८७० रुग्ण होते. अर्ध्यांना ही जोडी मिळाली, अर्ध्यांना औषधासारख्या दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. जोडी घेणाऱ्यांपैकी ६३ टक्के जणांना ताप आला. ६६ टक्के जणांना कोणत्या ना कोणत्या दुष्परिणामामुळे औषध मध्ये थांबवावं लागलं. पाच वर्षांनी पाहिलं तेव्हा आजार परत न आलेल्यांचं प्रमाण जोडी घेणाऱ्या गटात ५२ टक्के होतं, दुसऱ्या गटात ३६ टक्के.

डॉक्टर म्हणाले, "हा फायदा ज्या गटात दिसला, त्यातल्या तीनपैकी दोघांनी मध्ये कधी ना कधी गोळ्या थांबवल्या होत्या. एकही गोळी न चुकवणाऱ्यांचे हे आकडे नाहीत."

ताईंनी ते वाक्य दोनदा म्हणवून घेतलं. मग वहीत उतरवलं.

यानंतरचा नियम सोपा होता. ताप १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस झाला की दोन्ही औषधं लगेच थांबवायची आणि फोन करायचा. ज्यांना आधी ताप येऊन गेला आहे त्यांनी आकड्याची वाटही पाहायची नाही. ओळखीची थंडी किंवा अंगदुखी सुरू झाली तरी तेच करायचं. संसर्ग नाही ना हे पाहायचं. भरपूर पाणी प्यायचं. लक्षणं जाऊन पूर्ण २४ तास झाले की दोन्ही औषधं पुन्हा त्याच डोसने सुरू. सुरुवातीलाच असं थांबल्यामुळे पुढचं मोठं नुकसान टळतं, हे कॉम्बी-एप्लस या नंतरच्या अभ्यासात दिसलं. तीव्र ताप, तापासाठी रुग्णालयात भरती होणं किंवा तापामुळे उपचार कायमचे सोडावे लागणं, यांपैकी काहीतरी होण्याचं प्रमाण आधीच्या अभ्यासात २० टक्के होतं, ते इथे ८ टक्के झालं. म्हणजे ताई ज्या थांबण्याला घाबरत होत्या, तेच त्यांना वर्षभर उपचारात टिकवणार होतं.

इथे एक गोष्ट ठासून सांगते. ही सूचना याच जोडीची आहे, आणि तीही तुमच्या डॉक्टरांनी तुमच्यासाठी पक्की केली तरच पाळायची. वेमुराफेनिब आणि कोबिमेटिनिब ही अशीच दुसरी जोडी घेणाऱ्याला उन्हाचा त्रास जास्त होतो, आणि त्यातलं कोबिमेटिनिब २१ दिवस घेऊन ७ दिवस बंदच ठेवायचं असतं. एन्कोराफेनिब आणि बिनिमेटिनिब या जोडीत ताप तुलनेने कमी येतो. ओळखीतल्या कुणाचा नियम उचलून स्वतःला लावू नका. आणि त्रास होतोय म्हणून परस्पर गोळ्या बंद करून आठवडाभर गप्प बसणं हेही लपवणंच आहे. डॉक्टरांनी दिलेल्या विरामात पुन्हा कधी सुरू करायचं हे ठरलेलं असतं. स्वतःच घेतलेल्या विरामात तसं काही नसतं.

घरात बरंच काम बाकी होतं. ताईंचे यजमान दिवसातून अनेकदा विचारायचे, "गोळी घेतलीस ना?" गोळ्या थांबलेल्या दिवसांत त्यांचा चेहराच उतरायचा, आणि ताई तो चेहरा बघून आणखी घाबरायच्या. मी दोघांना एकत्र बोलावलं. "मीही घाबरलोय," हे यजमान बायकोसमोर पहिल्यांदा बोलले. ताप मोजणं, त्याची नोंद ठेवणं आणि फोन करणं ही कामं त्यांनी स्वतःकडे घेतली, 'गोळी घेतलीस का' बंद केलं. भीती असलेल्या माणसाच्या हाताला नेमकं काम दिलं की पहारा देण्याची गरज कमी होते, असा माझा अनुभव आहे. मुलगी पंधरा वर्षांची. तिला काही कळू नये म्हणून सगळं लपवलं जात होतं, पण पट्ट्या शोधून काढल्या होत्या तिनेच. आता तापाची वही टेबलावर असते, तीही बघते.

वहीच्या पहिल्या पानावर डॉक्टरांनी ताबडतोब कळवायच्या गोष्टी लिहून दिल्या. नजर धूसर होणं किंवा रंग वेगळे दिसणं, दम लागणं, छातीत धडधडणं, पायांवर सूज, चक्कर, कुठूनही रक्तस्राव. या औषधांनी हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी होऊ शकते, डोळ्याच्या पडद्यालाही त्रास होऊ शकतो. हृदयासाठी मधून मधून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला जातो. इकोची तारीख आली की ताईंना वाटायचं, काहीतरी बिघडलं असणार. ही तपासणी ठरलेलीच असते, हे त्यांना आधी कुणी नीट सांगितलंच नव्हतं. एवढ्या साध्या खुलाशाने किती रात्रींची झोप वाचू शकते!

पुढे ताप पुन्हा आलाच. त्यांनी गोळ्या थांबवल्या, फोन केला, तपासणीत संसर्ग निघाला नाही. आणखी एकदा तसंच झाल्यावर डॉक्टरांनी डाब्राफेनिबचा डोस १५० मिलिग्रॅमवरून १०० वर आणला. त्या दिवशी ताई माझ्यासमोर रडल्या. "म्हणजे मी कमी पडले." मी त्यांना औषधाचं माहितीपत्रक उघडून दाखवलं. डोस कमी करायच्या पायऱ्या त्यात आधीपासून छापलेल्या असतात. १५०, मग १००, मग ७५, मग ५०. औषध बनवणाऱ्यांनीच गृहीत धरलेलं असतं की काही शरीरांना कमी डोस लागेल. यात पेशंटची परीक्षा कुठे आली? त्या पत्रकाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मुलांना मी हेच सांगते, ज्याचा त्याचा वेग असतो. स्वतःला सांगायचं राहिलं."

डोस कमी झाल्यावर ताप विरळ झाला. झोप सुधारली आहे, पण गोळ्या थांबलेल्या रात्री अजूनही जड जातात. त्या रात्रींसाठी आमचं ठरलं आहे. भीती वाटली तर यजमानांना उठवायचं, एकट्याने छताकडे बघत पडायचं नाही. थकवा मात्र तसाच आहे, आणि सध्या आमच्या भेटी त्यावरच चालतात. शाळेतले तास सकाळी मागून घेणं, रोज थोडं चालणं, आणि दोन जिन्यांच्या मध्ये थांबावं लागलं तर सहकाऱ्यांसमोर थांबणं. यातलं शेवटचं त्यांना सगळ्यात अवघड जातं आहे.