कंपन्या ट्विटरवर (आताचं एक्स) एकमेकांना टोमणे मारतात ते खरंच त्या क्षणी सुचतं की आधीच ठरलेलं असतं?

दोन्ही असतं. मी पाच वर्षं पुण्यातल्या एका एजन्सीत ब्रँड्सची सोशल मीडिया हँडल्स सांभाळलीयेत, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

ठरवून केलेलं ओळखायचं असेल तर आधी मालक कोण ते बघा. जानेवारी 2023 मध्ये ब्लिंकिटचं होर्डिंग आलं, 'दूध मांगोगे, दूध देंगे', आणि त्याला लागून झोमॅटोचं, 'खीर मांगोगे, खीर देंगे'. लोकांना वाटलं काय जुगलबंदी रंगलीये, पण झोमॅटोने ब्लिंकिट 2022 लाच विकत घेतलेलं, म्हणजे घरातलाच मामला. नंतर बाकीचे ब्रँड्स त्याच चालीवर स्वतःच्या ओळी जोडत सुटले ते मात्र मागाहून आलेले.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण एप्रिल 2020 चं आहे. लॉकडाऊन, प्रवासी विमानं बंद, सगळी जमिनीवर उभी. अशात इंडिगोने विस्ताराला टॅग करून विचारलं, काय, हल्ली उंच उडत नाही म्हणे? (फ्लाय हायर ही विस्ताराची लाइन.) विस्तारा म्हणालं की सध्या जमिनीवरच बरंय, उडणं काही स्मार्ट नाही, काय गोएअर? कारण फ्लाय स्मार्ट ही गोएअरची. गोएअरने 'एव्हरीवन कॅन फ्लाय' वर खेळून एअरएशियाला ओढलं, एअरएशियाने 'रेड हॉट स्पायसी' म्हणत स्पाइसजेटला, स्पाइसजेटने दिल्ली विमानतळाला, आणि विमानतळाने उत्तरात कंपन्यांची नावं गुंफून शेवट केला. बघा, यात कोणीच स्वतःची टॅगलाइन मिरवली नाही, पहिल्या चौघांनी तर पुढच्याची वापरली, म्हणून ते इतकं गोड वाटलं, आणि सगळ्यांचाच धंदा ठप्प असताना केलेलं म्हणून मला तर भरून आलं होतं. त्या पाच विमान कंपन्यांतलं गोएअर पुढे गो फर्स्ट होऊन मे 2023 मध्ये बंद पडलं, विस्तारा नोव्हेंबर 2024 मध्ये एअर इंडियात विलीन झालं, एअरएशिया इंडियाही एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये गेलं. राहिले दोनच.

आता आतून हे कसं चालतं तर, दुसऱ्या ब्रँडने टॅग केलं की अलर्ट येतो, कॉपीरायटर चार ऑप्शन लिहितो, स्क्रीनशॉट क्लायंटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, तिथून ब्रँड मॅनेजर, मग त्यांचे बॉस, आणि प्रतिस्पर्ध्याचं नाव असेल तर लीगलवाले. एवढ्यात दुपार उलटली तर रिप्लाय शिळा झाला, टाकूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पण मला खरं लागलं ते वेगळंच. एका घरगुती उपकरणांच्या क्लायंटला एकदा दुसऱ्या मोठ्या ब्रँडने टॅग केलं, आम्ही सगळे कामं टाकून बसलो आणि 11 मिनिटांत उत्तर गेलं, लाइक्स आले, क्लायंट खूश. त्याच पोस्टखाली एका काकूंनी बंद पडलेल्या मिक्सरचा फोटो टाकलेला, तिसऱ्यांदा, भांड्यात वाटण तसंच अर्धवट राहिलेलं दिसत होतं. मी ग्रुपवर विचारलं तर उत्तर आलं की आत्ता तिकडे लक्ष नको, मूड जाईल. काकूंना उत्तर चार दिवसांनी गेलं, तेसुद्धा मी रोज आठवण करत राहिले म्हणून. मला ते अजून पटलेलं नाही, कारण मिक्सर काकूंनी विकत घेतलाय, दुसऱ्या ब्रँडने नाही.

म्हणून तुमची एखादी तक्रार अडकली असेल तर कंपनीने दुसऱ्या ब्रँडला दिलेल्या ताज्या रिप्लायखाली लिहा आणि उत्तर नाही आलं तर दुसऱ्या दिवशी परत लिहा, त्या वेळी एजन्सी आणि क्लायंट दोघांचेही डोळे तिथेच असतात. ऑर्डर नंबर आणि फोन नंबर मात्र उघड्यावर टाकू नका, मेसेजमध्येच द्या.